टप्पा सोडता आला पाहिजे

दुसरीतल्या मुलासमोर सतरा चिंचोके ठेवावेत आणि पाच-पाचने मोज म्हणावे. पाढा पाठ असलेले मूल पाच-पाचच्या तीन ढिगल्या झटपट करते, एकेका ढिगलीवर बोट ठेवत 'पाच, दहा, पंधरा' म्हणते आणि उरलेल्या दोन सुट्या चिंचोक्यांवरही तसेच बोट टेकवत 'वीस, पंचवीस' म्हणून मोकळे होते. आवाजात शंकेचा लवलेश नसतो. मोठी माणसे ही चूक 'लक्ष नाही' म्हणून सोडून देतात. माझ्या मते लक्ष पुरेपूर होते. एकदा धरलेला टप्पा सोडायचा नाही, हेच तर त्याच्याकडून रोज घोकून घेतलेले असते. टप्पा धरणे सोपे आहे. तो वेळेवर सोडणे अवघड, आणि नेमके तेच शिकवायचे राहून जाते.

वर्गातले साहित्यही याला हातभार लावते. माँटेसरींच्या मण्यांच्या साखळ्यांत पाचाची आखूड साखळी पंचविसावर संपते, दहाची शंभरावर. शंभर मण्यांची दुरंगी माळही अशीच काटेकोर. सुरुवातीला हे बरेच आहे, पण कायम असेच मोजायला दिले तर काही उरू शकते हे मुलाला कळायचे कधी? सौंदडच्या आसपासची मोजदाद इतकी बेतलेली नसते. सडक अर्जुनी तालुक्याचा हा भाग धानाचा आणि जंगलाचा. उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडून आणायची आणि पुडे बांधायचे. पुडा सत्तर पानांचा. पाच-पाचने मोजला तर चौदा वेळा, दहा-दहाने सात वेळा. पुडा बरोबर बसतो, पण तोडून आणलेली पाने सत्तराच्या हिशेबाने थोडीच येतात! मजुरीचा दर शंभर पुड्यांवर असतो. १३७ पुडे झाले तर आधी एक शेकडा, मग दहाचे तीन टप्पे, मग सात सुटे. एकाच मोजणीत दोनदा टप्पा बदलावा लागतो. बाजारातही तेच. दहाच्या दोन नोटा, पाचाचे एक नाणे आणि तीन रुपये सुटे असले की दहा, वीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. ज्या मुलाला हे जमते ते बेरीज करू लागलेले असते, पाटीवर अधिकचे चिन्ह आलेले नसले तरी.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. आधीच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, दिडकी घोकली, त्यांचे काय बिघडले? ज्यांचे बिघडले नाही त्यांच्या घोकंपट्टीला शाळेबाहेर खळे होते, दुकान होते. सकाळी म्हटलेली पावकी संध्याकाळी पावशेराच्या हिशेबात कामी येत होती. आणि ज्यांचे बिघडले त्यांची नोंद कुणी ठेवली? शाळा सोडून गेलेल्यांनी पाढ्यांच्या गोड आठवणी लिहिलेल्या नाहीत. दुसरे म्हणणे असे, की सहा-सात वर्षांच्या मुलाचा उरलेल्यांमुळे गोंधळ होईल. खाऊ वाटताना शेवटचा लाडू कुणाचा यावरून भांडणाऱ्या वयाबद्दल ही काळजी जरा जास्तच वाटते.

खरे वजन आहे ते तिसऱ्या आक्षेपात. एक शिक्षक, समोर दोन इयत्ता, आणि प्रत्येकासमोर चिंचोके मांडायचे कुणी? सामूहिक पाढ्याने निदान सगळा वर्ग एका सुरात कामाला लागतो. हे मान्य करूनच बोलायला हवे. पाढा बंद करा असे कुणी म्हणत नाही. त्याची वाट थोडी वाकडी करायची. पाचाऐवजी सातापासून निघायचे: सात, बारा, सतरा, बावीस. चाळिसापासून पाच-पाचने उलटे यायचे. किंवा दहा-दहाने म्हणता म्हणता शिक्षकाने टाळी वाजवली की पुढे एक-एकने जायचे: दहा, वीस, तीस, टाळी, एकतीस, बत्तीस. याला ना साहित्य लागते ना जादा तास. इतरांच्या आवाजावर तरंगणारी मुले टाळीनंतर हमखास 'चाळीस' म्हणून जातात, आणि चिंचोके घेऊन आधी कुणाजवळ बसायचे हे शिक्षकाला वही न तपासता समजते.