गुलाबाचा काटा नेमका कुठून येतो?

'काटा' हा शब्द मराठीत फार सोयीचा आहे आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तितकाच फसवा. बाभळीला काटा, कागदी लिंबाला काटा, वांग्याला काटा आणि गुलाबालाही काटाच. पण हे सगळे काटे एकाच अवयवापासून बनलेले नाहीत. संशोधनासाठी विषय शोधत असाल तर हा फरक आधी पक्का करा. चुकीच्या अवयवांची तुलना झाली, की पुढची सगळी मोजमापं वाया जातात.

उदाहरण घेऊ रानटी, सदाहरित, वर चढणाऱ्या गुलाबाचं. वाशीमच्या शुष्क पानझडी जंगलात तो मिळणार नाही. निलगिरी आणि पलनीच्या थंड, ओल्या डोंगरांत मात्र 'रोझा लेशेनोल्टियाना' हा पांढऱ्या फुलांचा रानगुलाब आहे. फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ लेशेनोल्ट यांचं नाव त्याला मिळालं. सुरुवातीला थोरी यांनी त्याला भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या 'रोझा सेम्परविरेन्स'चा एक प्रकार मानलं. पुढे १८३४ मध्ये वाइट आणि अर्नॉट यांनी त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. दोन्ही सदाहरित, दोन्ही चढणारे, दोन्हींची फुलं पांढरी. पण नातं सांगणारी खरी खूण फुलाच्या आत आहे: दोघांतही कुक्षीवृंत एकत्र जुळून एक खांब बनतो. सदाहरित असणं किंवा चढणं ही सवय अनेक कुळांत स्वतंत्रपणे येऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावरून नातं ठरत नाही.

आता हा गुलाब चढतो कसा? त्याला कारल्यासारखे ताणे नाहीत, गुळवेलीसारखा तो आधाराला पीळही घालत नाही. लांब, लवचिक फांद्या शेजारच्या झुडपांत घुसतात आणि खाली वाकलेले काटे आकड्यासारखे अडकतात. फांदी पुढे जाते, पण सहज मागे घसरत नाही. गावातल्या कुठल्याही कुंपणावरची बोगनवेल बघा, तीसुद्धा काटे अडकवूनच चढते. काम एकच, मग अवयवही एकच का? नाही.

बोगनवेलीचा काटा पानाच्या बगलेत येतो. तो फांदीचं रूपांतर आहे. लिंबाचा काटाही तसाच. याला थॉर्न म्हणतात. बाभूळ आणि बोरीचे काटे पानाच्या तळाशी येतात, ती उपपर्णांची रूपांतरं. हे स्पाइन. गुलाबाचा काटा मात्र बाह्यत्वचा आणि तिच्या लगतच्या थरांतून उगवतो. त्याला खोडाच्या वाहिन्यांची जोड नसते. हा प्रिकल. वांगी आणि भुईरिंगणीचे काटे याच प्रकारात येतात.

तपासणी सोपी आहे. गुलाबाचा काटा अंगठ्याने आडवा ढकला. तो सालीवरून स्वच्छ निघून येतो. लिंबाचा असा निघत नाही, मोडला तर आतलं लाकूड दिसतं. मग जागा बघा. प्रिकल पेरांच्या मधेही कुठेही येतो. पण काही गुलाबांत तो पेराखाली जोडीनेही दिसतो, म्हणून नुसत्या जागेवर विसंबू नका. आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

एवढी काटेकोर विभागणी कशासाठी? कारण त्यावरच पुढचा प्रश्न उभा राहतो. २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात वांग्यात काटे असणं-नसणं 'लॉग' कुटुंबातल्या जनुकाशी जोडलेलं आढळलं. ही जनुकं सायटोकायनिन हे संप्रेरक तयार होण्यात भाग घेतात. गुलाबातही त्याच कुटुंबातलं जनुक दाबल्यावर काटे खुंटले. गुलाब आणि वांगं एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत, दोघांत काटे वेगवेगळे उत्क्रांत झाले. तरी दोन्हीकडे वापरलं गेलेलं जनुक एकाच कुटुंबातलं. हा प्रश्न सुचला, कारण दोन्हीकडचा काटा प्रिकल आहे हे आधी ठाऊक होतं. बाभूळ आणि गुलाब शेजारी ठेवून हीच तुलना केली असती, तर ती दोन वेगळ्या अवयवांची झाली असती.

रानगुलाब दूर आहे म्हणून थांबू नका. बाभूळ, बोर, लिंबू, बोगनवेल, वांगं आणि कुंडीतला गुलाब, एवढे सहा नमुने वाशीममध्ये एका दुपारी जमतात. प्रत्येकाची जागा, तुटण्याची तऱ्हा आणि छेद वहीत नोंदवा. 'हा काटा कशापासून बनला?' याचं उत्तर लिहून झाल्यावरच 'हा काटा कशासाठी?' या प्रश्नाकडे वळा.