दोघांचं कुटुंब, एका तिकिटावर

माइन्ट्स, जर्मनी

जर्मनीतल्या सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘मुलांना मोफत’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. त्याखाली बारीक अक्षरांत अट असते: खोलीत पूर्ण पैसे भरणारे दोन प्रौढ हवेत. आई, बाबा आणि मुलगी गेले तर मुलगी फुकट. आई आणि मुलगी अशा दोघीच गेल्या तर त्याच मुलीला अनेकदा प्रौढाचा दर लागतो. हॉटेलवाल्यांचा हिशेब खोलीवर चालतो आणि खोली दोन मोठ्यांची धरलेली असते. एकल पालकाला परदेशप्रवास महाग पडतो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या, न आलेल्या माणसापायी.

याच देशात हिशेबाची दुसरी एक रीत आहे. ती सहल कंपनीच्या कचेरीत कोणी सांगत नाही. पण ती समजली तर पुण्या-मुंबईहून मुलाला घेऊन एकट्याने निघालेल्या आईचा किंवा बाबाचा जर्मनीतला खर्च बराच खाली येतो.

जर्मनीत अठरा वर्षांखालची मुलं असलेल्या दर पाच कुटुंबांपैकी जवळजवळ एक कुटुंब एकल पालकाचं आहे, आणि अशा दहा पालकांपैकी आठांहून अधिक आया आहेत. १९६७ मध्ये लुईजे श्योफेल यांनी त्यांच्यासाठी संघटना काढली, तेव्हा तिच्या नावात फक्त अविवाहित माता होत्या. पुढे घटस्फोटित आणि विधवा आया आल्या, मग वडीलही आले. एवढी मोठी संख्या असल्यावर तिकीट खिडकीलाही तिची दखल घ्यावी लागते. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात कुटुंबाचं तिकीट दोन प्रकारचं मिळतं: मोठं म्हणजे दोन पालक आणि मुलं, छोटं म्हणजे एक पालक आणि मुलं. अनेक पोहण्याच्या तलावांवर आणि संग्रहालयांतही असं छोटं तिकीट असतं. दरफलकावर ते खालच्या ओळीत असतं, म्हणून फलक शेवटपर्यंत वाचायचा.

राहण्यासाठी सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे युथ हॉस्टेल. मुळात ही कल्पनाच इथली. २६ ऑगस्ट १९०९ रोजी रिचर्ड शिरमान नावाचा शाळामास्तर आल्टेना गावातली पोरं घेऊन पायी आखेनकडे निघाला होता. वाटेत वादळी पावसाने गाठलं आणि सगळ्यांनी ब्र्योल गावच्या शाळेत गवताच्या पेंढ्या अंथरून रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये फिरत्या मुलांची सोय का करू नये, हा विचार त्याला त्या रात्री सुचला. काही वर्षांत आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल उभं राहिलं. आज जर्मनीत अशी सुमारे चारशे हॉस्टेलं आहेत.

मराठी वाचकांना युथ हॉस्टेल म्हटलं की हिमालयातला ट्रेक, तंबू आणि पहाटेचा चहा आठवतो. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचं सभासदत्व त्यासाठीच घरोघरी घेतलेलं असतं. ही संस्था त्याच आंतरराष्ट्रीय साखळीतली आहे, त्यामुळे तिचं कार्ड जर्मनीतही चालतं. मात्र इथलं हॉस्टेल म्हणजे वीस खाटांची धर्मशाळा नव्हे. दोन ते सहा पलंगांच्या खोल्या असतात, अनेक खोल्यांना स्वतःचं न्हाणीघर असतं. कुटुंबाला वेगळी खोली देतात आणि पैसे माणशी घेतात. प्रौढाला न्याहारीसह एका रात्रीचे साधारण ३० ते ५० युरो पडतात, ते गाव आणि हंगाम पाहून. अगदी लहान मुलांना काही लागत नाही आणि त्याहून मोठ्यांना सवलत असते. तिची वयं प्रत्येक प्रांताची संस्था आपापली ठरवते. दोनच पलंगांची खोली हट्टाने मागितली तर काही ठिकाणी थोडे जास्त पैसे घेतात. चार पलंगांची मिळाली तर मुलाला वरचा पलंग मिळतो आणि त्याची सहल तिथेच निम्मी वसूल होते.

चादरी भाड्यातच येतात, त्या घालायच्या आणि जाताना काढायच्या मात्र आपण. रात्रीचं जेवण संध्याकाळी सहाच्या सुमाराला असतं. नऊ वाजता जेवणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, पण दिवसभर चाललेल्या सहा-सात वर्षांच्या पोराला हीच वेळ सोसते. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. बटाटे, पास्ता, पाव, चीज आणि सॅलड यांवर तीन दिवस छान जातात, चौथ्या दिवशी बॅगेतली चटणी निघते. एकट्या पालकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोलाची आहे. तिथे खेळायची जागा असते, इतर मुलं असतात आणि भाषेवाचून मुलांचं काही अडत नाही. आईला तेवढा अर्धा तास मिळतो.

जागाही साध्यासुध्या नाहीत. न्युर्नबर्गचं हॉस्टेल शाही किल्ल्याच्या पंधराव्या शतकातल्या घोड्यांच्या पागेत आहे. माइन्ट्सहून ऱ्हाइनच्या काठाने लोकल गाडीने बाखाराखला उतरलं की वर डोंगरावर श्टालेक किल्ला दिसतो, तोही हॉस्टेलच. खालून वर जाणारी वाट चांगलीच चढणीची आहे. ट्रॉली बॅगेपेक्षा पाठीवरची सॅक बरी. वर पोहोचल्यावर अंगणातून दिसणाऱ्या नदीच्या देखाव्यासाठी एरवी पर्यटक बोटीचं वेगळं तिकीट काढतात.

रेल्वेचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, आणि पैसे वाचतात किंवा जातात ते इथेच. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. सहा ते चौदा वर्षांची मुलं पालकाबरोबर मोफत जातात, फक्त तिकीट काढतानाच त्यावर मुलाची नोंद करावी लागते. म्हणजे फ्रँकफर्टहून बर्लिनला वेगवान गाडीने जाताना सात वर्षांच्या मुलीचं भाडं शून्य. आईने काही आठवडे आधी तिकीट घेतलं तर तिचंही बरंच कमी.

याउलट ज्याची कीर्ती भारतापर्यंत पोचली आहे त्या ‘डॉइचलांड-टिकेट’मध्ये मेख आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेला हा मासिक पास २०२५ मध्ये ५८ युरोंचा झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचा. त्यावर देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम, बस सगळं चालतं, वेगवान गाड्या चालत नाहीत. परंतु या पासावर सहा वर्षांपुढचं मूल फुकट येत नाही, त्याचा वेगळा पास काढावा लागतो. मूल पाच वर्षांचं असेल तर हा पास डोळे झाकून घ्यावा. सात वर्षांचं असेल तर आठवड्याभराच्या सहलीला दोघांचे १२६ युरो मोजण्याआधी इतर तिकिटांचे दर पाहावेत. शिवाय हा पास दरमहा आपोआप पुढे चालू राहतो. महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केला नाही, तर घरी परतल्यावर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

बव्हेरियात फिरायचं असेल तर त्या प्रांताचं एका दिवसाचं तिकीट उत्तम. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर चालतं, सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. पालकाबरोबर त्याचं स्वतःचं चौदा वर्षांपर्यंतचं मूल मोफत, आणि सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाता येतं. याच तिकिटावर म्युनिकहून सुमारे दोन तासांत फ्युसन गाठता येतं. तिथून जवळच नॉयश्वानश्टाइन हा परीकथेतला वाटावा असा राजवाडा आहे आणि तिथे अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशशुल्क नाही. बर्लिनच्या सरकारी संग्रहालयांतही अठराच्या आतल्यांना पैसे पडत नाहीत. राणी नेफरतितीचा तो प्रसिद्ध अर्धपुतळा दाखवायला फक्त आईचं तिकीट पुरतं.

जून २०२५ मध्ये रेल्वेने कुटुंबाचं सवलतीचं आसन-आरक्षण बंद केलं, तेव्हा बरीच ओरड झाली. चौघांच्या कुटुंबाला पूर्वी १०.४० युरो पडत, आता माणशी ५.५० प्रमाणे २२ पडतात. ओरड रास्तच होती. पण आई आणि एक मूल यांना आधीही दोन आसनांचे १०.४० युरोच लागत होते, आता ११ लागतात. ज्या सवलतीसाठी सारा देश हळहळला, ती या दोघांना कधी मिळालीच नव्हती.

गाडी बदलताना एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोर आणि मध्ये आठ मिनिटं, अशी वेळ येते. त्यासाठी शंभराहून अधिक स्टेशनांवर ‘बानहोफ्समिसिओन’ ही चर्चच्या संस्थांची मदतसेवा आहे, १८९४ पासूनची. निळ्या जाकिटातले स्वयंसेवक फलाटावर येऊन सामानाला हात लावतात, पैसे घेत नाहीत. काही दिवस आधी कळवलेलं बरं.

इथे नोकरीला असलेल्या आणि सरकारी आरोग्य विम्यात असलेल्या मराठी आयांसाठी आणखी एक वाट आहे, जी त्यांतल्या अनेकींना ठाऊक नसते. एली हॉइस-क्नाप या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी. त्यांनी १९५० मध्ये दमलेल्या आयांच्या विश्रांतीसाठी संस्था काढली. त्या परंपरेत आज डॉक्टरांच्या शिफारशीवर आई किंवा बाप मुलाला घेऊन तीन आठवडे समुद्रकाठी किंवा डोंगरात उपचारकेंद्रात राहू शकतो. खर्च विमा उचलतो, प्रौढाने रोजचे १० युरो भरायचे, मुलाचे काही नाहीत. ही सहल नव्हे, उपचार आहेत, वेळापत्रक कडक असतं. तरी विम्याच्या खर्चाने माहेरपण, असं त्याचं वर्णन केलं तर फारसं चुकणार नाही.

भारतातून येणाऱ्यांची खरी दमछाक होते ती कागदांत. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढाला ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला ४५ आणि सहाच्या आत शून्य आहे. किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. मुलाच्या अर्जावर पालकत्वाचा हक्क असलेल्या दोघांच्याही सह्या लागतात. दुसरा पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, मुलाचा ताबा एकाकडेच असेल तर न्यायालयाचा तसा आदेश, आणि संमती असेल तर नोटरी केलेलं पत्र. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ताब्याबद्दल मोघम लिहिलेलं असेल तर वकिलाकडे आधीच जावं, कारण व्हिसाच्या तारखेच्या आठवड्यात हे काम होत नाही. हीच कागदपत्रं, मुलाच्या जन्मदाखल्यासह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. विमानतळावरचा अधिकारी ती मागू शकतो, आणि आई-मुलाचं आडनाव वेगळं असेल तर हमखास मागेल असं धरून चालावं.

हंगाम मात्र महाराष्ट्राच्या बाजूने आहे. जर्मन शाळांची सहा आठवड्यांची मोठी सुट्टी प्रांतागणिक जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पसरलेली असते. आपली मे महिन्याची सुट्टी तिच्या आधी येते, तेव्हा हॉस्टेलं तुलनेने मोकळी असतात. दक्षिणेत मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला पेंटेकॉस्टची दोन आठवड्यांची सुट्टी येते, तेवढी टाळायची. आणि १ मे इथेही सुट्टीचा दिवस आहे. रविवारसारखीच त्या दिवशी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली काही सोडून. दूध-पाव ३० एप्रिललाच घेऊन ठेवायचा.