पाणी ओसरल्यानंतरचं चिपळूण

नोकरीची पहिली आठ वर्षं आम्ही दोघा नवराबायकोंनी चिपळुणात काढली. बाजारपेठेमागच्या मोहल्ल्यात भाड्याची खोली होती. घरमालकीण खाला. आमची मुलगी त्यांच्याच मांडीवर वाढली. पुढे आम्ही कराडला आलो, पण "गावाला कधी जायचं?" असं मुलीने विचारलं की तिच्या मनात चिपळूणच असायचं.

२०२१ च्या जुलैत मंगळवारी आषाढी एकादशी झाली, बुधवारी बकरी ईद. ईदच्या संध्याकाळी खालांशी बोलणं झालं. "पाऊस थांबत नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, चिपळूण पाण्याखाली गेलं. दोन दिवस फोन लागेना. लागला तेव्हा "सगळे सुखरूप आहोत, अल्हम्दुलिल्लाह," म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंतर त्यांचे फोन कमीच होत गेले. आमचंही जाणं राहून गेलं. कधी कोरोना, कधी शाळा, मग एस.टी.चा संप. थोडे पैसे पाठवले, पण पैसे पाठवणं म्हणजे भेटणं नव्हे. खाला रागावल्या आहेत, असं आम्ही धरून चाललो.

रमजान ईदनंतर, २०२२ च्या मे महिन्यात, शेवटी निघालो. कुंभार्ली घाट उतरला की पोफळी लागते. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून इथे येतं, वीज देतं, कोळकेवाडी धरणात जातं आणि तिथून वाशिष्ठीला मिळतं. सह्याद्रीवर मुसळधार पाऊस, वरून हे पाणी, खाली खाडीला भरती आणि वर्षानुवर्षं गाळाने उथळ झालेलं पात्र. या गोष्टी एका वेळी आल्या की नदीला शहराशिवाय वाट राहत नाही. कोणाचा वाटा किती, यावरचा वाद आम्हाला बसमध्येही ऐकायला मिळाला. गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांनी हिवाळ्यात साखळी उपोषण केलं होतं. आता पात्रात पोकलेन चालू होते, काठावर गाळाचे ढीग होते.

बाजारपेठ उघडी होती. दुकानांना नवा रंग होता, पण वरच्या बाजूला भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ अजून दिसत होती. काही शटर मात्र बंदच. १८६४ साली सुरू झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ च्या पुरातही बुडालं होतं, या वेळी पुन्हा. आमच्या सुट्टीच्या कितीतरी दुपारी तिथे गेल्या आहेत. भिजलेलं पुस्तक वाळवलं तरी पानं एकमेकांना सोडत नाहीत, हे शिक्षकाला वेगळं सांगायला नको.

खालांनी दार उघडलं आणि मुलीला जवळ घेतलं. चहा झाला, तरी त्या आमच्याकडे नीट बघेनात. मग हळूच म्हणाल्या, "तुमची पेटी गेली."

बदलीच्या वेळी आम्ही एक पत्र्याची पेटी त्यांच्याकडे ठेवली होती. बी.एड.च्या वह्या, उर्दू-मराठी शब्दांच्या आमच्या याद्या, मुलीची पहिली पाटी. आम्ही ती जवळजवळ विसरलो होतो. खाला विसरल्या नव्हत्या. "पहाटे पाणी आलं. समोरच्या काकू आणि त्यांची नातवंडं आमच्याकडे माडीवर आली. आधी माणसं वर घेतली. पेटीसाठी खाली उतरले तर पाणी गळ्याला. अमानत होती तुमची. फोनवर काय तोंडाने सांगणार?"

दहा महिने आम्ही समजत होतो की त्या रागावल्यात, आणि त्या समजत होत्या की त्या आमच्या गुन्हेगार आहेत. आम्हाला काही बोलताच आलं नाही. मुलगीच म्हणाली, "खाला, पाटी नवी मिळते."

मग त्यांनी घर दाखवलं. मुलाच्या शिलाईच्या तिन्ही मशिनी उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा चालू केल्या होत्या. कपड्यांची फळी आता छातीच्या वर. रेशनकार्ड, घराची कागदं, दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माडीवर. मुलाला दुकान उंचावर न्यायचं आहे, खालांना नाही. "गिऱ्हाईक टेकडी चढून येणार का?" त्या विचारतात. त्यांचं खोटं नाही, मुलाचंही नाही. तो निर्णय अजून झालेला नाही.

निघताना वाटेसाठी घावन बांधून देत त्यांनी एकच गोष्ट मागितली. "तुम्ही घाटापलीकडे असता. कोयनेला पाऊस जोरात आहे असं कळलं, तर रात्र असली तरी फोन करा."

त्या जूनपासून आमच्या घरात मोबाईल उशाशी असतो. आवाज चालू ठेवून.