पुराने शिकवलेलं शहर

मी चिपळूणची. 2021 च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर आजोबांची पुस्तकं आम्ही मिळेल त्या उन्हात टाकली. पानं वाकडी होऊन चिकटली. ती चुटपुट मनात घेऊनच दोन आठवड्यांच्या वारसा-जतन अभ्यासक्रमाला इटलीत फ्लॉरेन्सला गेले.

4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदी या शहरात घुसली. सांता क्रोचे चर्चमधल्या, चित्रकार चिमाबुएच्या तेराव्या शतकातल्या लाकडी क्रूसावरचा बराचसा रंग वाहून गेला. गेलेलं चित्र जतनकारांनी अंदाजाने रंगवलं नाही. रिकाम्या जागी बारीक रंगरेघांचं जाळं विणलं. लांबून क्रूस सलग दिसतो, जवळ गेलं की नवं काम ओळखू येतं. जतन म्हणजे खोटं न बोलणं, हे मला तिथं उमगलं.

व्यवस्थापनाचा धडा मिळाला तो इथल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये. 1296 मध्ये स्थापन झालेली ‘ओपेरा’ ही संस्था आजही त्याची देखभाल करते. आणि धीराचा धडा चित्रकार वासारीच्या ‘अंतिम भोजना’पुढे: पुरात भिजलेलं हे चित्र दुरुस्त होऊन परत लागायला 50 वर्षं गेली.

तुमची पुस्तकं भिजली तर पानं ओढून सोडवू नका, कडक उन्हात टाकू नका. पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि जाणकार गाठायला वेळ मिळतो.