गाण्याच्या पार्टीला कोणता स्पीकर घ्यावा?



डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें राष्ट्रीय सभेचें पन्नासावें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्षस्थानीं पंडित जवाहरलाल नेहरू होते, आणि नंदलाल बोस यांनीं बांबू व खेड्यांत मिळणाऱ्या साध्या सामानांतून टिळकनगर सजविलें होतें. त्या शोभेचीं वर्णनें आपण वाचलीं असतील. मला मात्र त्या प्रसंगाची आठवण निघाली कीं एक निराळाच प्रश्न सुचतो. उघड्या रानांत हजारों माणसें बसलेलीं असतां अगदीं शेवटच्या रांगेंतल्या शेतकऱ्याला व्यासपीठावरचें बोलणें कळावें कसें? लाउडस्पीकर नव्हता त्या काळीं वक्त्याला घसा फोडावा लागे. १९१५ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें विजेच्या कर्ण्यांतून मोठ्या जमावाला भाषण व गाणें ऐकविण्यांत आलें. १९२५ सालीं राइस आणि केलॉग या दोन इंजिनिअरांनीं आजच्या स्पीकरच्या पेटींत असतो तो कागदी शंकु व हलणारें वेटोळें यांचा नमुना प्रसिद्ध केला. आपल्याकडे नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ या मुंबईच्या पेढीचे कर्णे राष्ट्रीय सभेच्या मोठमोठ्या सभांतून लागूं लागले, ते त्याच सुमारास.

आज त्या फैजपूर-सावदा-यावल भागांत लग्नसराई सुरू झाली कीं प्रश्न उलटा होतो. ऐकूं येत नाहीं अशी तक्रार कोणी करीत नाहीं. कळत नाहीं अशी मात्र पुष्कळ करतात. गाडीवर कर्णे आणि पेट्या रचलेल्या, मागें जनरेटर, पुढें गाणारा, कीबोर्ड, बँजो, ढोल. गाणें अहिराणी आहे कीं लेवा बोलींतलें आहे, कीं सिनेमांतलें, हें चाल ओळखीची असली तरच समजतें. शब्द कुठें हरवतात, आणि थोड्या पैशांत ते परत कसे मिळवावे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

माझ्या भाच्यानें आणि त्याच्या चार मित्रांनीं गेल्या साली अशीच एक लहानशी गाण्याची पार्टी काढली. एक गायक, एक कीबोर्ड, एक बँजो, ढोलकी आणि ताल धरणारा आणखी एक. केळीच्या हंगामांत काम करून सांठविलेले पैसे एकत्र केले आणि एका दुकानांतून दोन पेट्या व एक अ‍ॅम्प्लिफायर आणला. पेटीवर मोठ्या अक्षरांत ‘२००० वॉट’ असें छापलेलें होतें. “मामा, एवढे वॉट एवढ्या किंमतींत कोणी देत नाहीं,” असें तो मला कौतुकानें सांगत होता. तिसऱ्या कार्यक्रमांत दोन्ही पेट्यांतले वरच्या पट्टीचे स्पीकर जळाले. राहिलेल्या आवाजांत गाणारा घोंगडीखालून गात आहे असें वाटत होतें. लग्नवाल्यांनीं ठरलेल्या रकमेंतून पैसे कापले आणि मुलांचा हुरूप गेला तो निराळाच.

या वॉटांच्या आंकड्याची गोष्ट आधीं समजून घेतली पाहिजे. पेटी तासन् तास सोसूं शकेल ती खरी शक्ति एक. आणि क्षणभर बसणारा धक्का सोसण्याची शक्ति दुसरी. ही दुसरी पहिलीच्या सामान्यतः चौपट धरून छापतात. म्हणजे २००० मधले खरे ५०० च. तेहि छापणारा प्रामाणिक असेल तर! शिवाय वॉट म्हणजे आवाज नव्हे. ती पेटीला दिलेली वीज आहे. तिच्यांतून आवाज किती निघतो हें पेटीच्या घडणीवर अवलंबून असतें. चांगला कारखानदार आपल्या माहितीपत्रकांत एक आंकडा देतो: एक वॉट दिला असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो तो. तो आंकडा मी सर्वांच्या आधीं पाहतों.

डेसिबलचें गणित थोडें चमत्कारिक आहे, पण कठीण नाहीं. वॉट दुप्पट केले कीं तीनच डेसिबल वाढतात. कानाला आवाज सुमारें दुप्पट वाटावा तर दहा डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे वॉट दहापट हवेत. आतां एका पेटीचा आंकडा ९७ आहे आणि दुसरीचा ९१, असें समजा. फरक सहाचा दिसतो. परंतु पहिली पेटी २५० वॉटांत जें करील तें करण्यास दुसरीला १००० वॉट द्यावे लागतील. दुसरी पेटी दुकानांत स्वस्त दिसते, आणि तिच्यासाठीं घ्याव्या लागणाऱ्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरनें ती महाग होते. उघड्यावर अंतर दुप्पट झालें कीं सहा डेसिबल घटतात. म्हणून ९७ च्या पेटीला खरे १०० वॉट दिले तर एक मीटरवर ११७ आणि सोळा मीटरवर ९३ डेसिबल उरतात. लग्नाच्या अंगणाला ते पुरेसे होऊन वर उरतात.

मग मुलांच्या पेट्या जळल्या कशा? लोक समजतात कीं अ‍ॅम्प्लिफायर फार मोठा होता. खरा प्रकार उलट होता. अ‍ॅम्प्लिफायर लहान, आणि त्याची कळ शेवटपर्यंत पिळलेली. आवाक्याबाहेर ओढलेला अ‍ॅम्प्लिफायर ध्वनीच्या लाटांचे माथे कापून टाकतो. त्या कापलेल्या लाटांतून तीक्ष्ण स्वरांचा मोठा लोंढा निघतो आणि तो नेमका नाजूक वेटोळ्याच्या लहान स्पीकरवर जाऊन पडतो. अ‍ॅम्प्लिफायरवरचा तांबडा दिवा एकसारखा पेटूं लागला म्हणजे आवाज वाढवावयाचा नसतो, कमी करावयाचा असतो. ही एक गोष्ट कळली असती तर त्यांचे पैसे वांचले असते.

पण त्यांनीं कळ एवढी पिळली कां? कारण त्यांनीं सगळींच वाद्यें पेटींत घातलीं होतीं. ढोलकी, ढोल, ताशा यांना निसर्गानेंच आवाज दिला आहे. दोनतीनशें माणसांच्या अंगणांत त्यांना यंत्राची गरज नाहीं. दुबळा असतो तो गळा, आणि थोडाफार बँजो. कीबोर्डला तर पेटीवांचून आवाजच नाहीं. ढोल पेटींत घातला कीं त्याच्या खालच्या पट्टीच्या घुमण्यांत बहुतेक सगळी वीज खर्च होते, आणि मग गळा वर यावा म्हणून पुन्हां कळ पिळावयाची. माझें मत विचाराल तर नव्या पार्टीनें गळा, कीबोर्ड आणि बँजो एवढ्यांसाठींच खरेदी करावी. बारा इंची शंकूच्या दोन चांगल्या पेट्या त्याला पुरतात. छाती हादरविणाऱ्या खालच्या पट्टीसाठीं अठरा इंची पेट्यांचा ढीग लावणाऱ्या डीजेशीं स्पर्धा करावयाची असेल, तर पांच मुलांच्या खिशाला तें कधींहि झेपणार नाहीं, आणि झेपलें तरी तें गाणें राहणार नाहीं.

शब्द कळतात ते व्यंजनांमुळें. स, श, च, त हे ध्वनि वरच्या पट्टींत असतात आणि पेटींतला लहान स्पीकर ते काढतो. स्वस्त पेटींत काटकसर होते ती याच ठिकाणीं. म्हणून दुकानांत गेलां कीं दुकानदारानें लावलेल्या रेकॉर्डवर भुलूं नका. तो आपल्या पेटीला शोभणारेंच गाणें लावणार. आपला मायक्रोफोन आणि आपला गायक बरोबर न्यावा. एकानें वीस पावलांवर पाठ करून उभें राहावें आणि गायकानें ‘साठ, आठ, पाट, ताट’ असे शब्द मागेंपुढें करून सहज म्हणावे. किती ओळखतां आले तें मोजावें. मग पेटीच्या समोरून बाजूला सरकून तेंच पुन्हां करावें, कारण मांडवांतले अर्धे लोक बाजूलाच बसतात. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावें.

कर्ण्याविषयीं येथें दोन शब्द. कर्णा थोड्या विजेंत लांबवर पोंचतो, स्वस्त असतो आणि पाऊसवाऱ्याला भीत नाहीं. भाषणाला, घोषणेला त्यासारखें साधन नाहीं. पण खालचे स्वर तो काढूंच शकत नाहीं. त्यामुळें गाणें त्यांतून पत्र्याच्या डब्यांतून आल्यासारखें येतें. मिरवणुकींत चालेल, बसून ऐकण्याच्या कार्यक्रमांत नको.

पेटी कोठें ठेवावी याला पैसे पडत नाहींत, म्हणूनच बहुधा तिकडे कोणी लक्ष देत नाहीं. जमिनीवर ठेवलेल्या पेटीचा आवाज पहिल्या रांगेंतले लोकच अंगावर घेऊन संपवितात. तीच पेटी उंच तिवईवर, बसलेल्यांच्या डोक्यांवरून जाईल अशी ठेवा. मागच्या माणसालाहि नीट ऐकूं येऊं लागतें. पेट्या मायक्रोफोनच्या पुढें असाव्या, पाठीमागें कधींहि नसाव्या. पेटींतला आवाज पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरला कीं ती कान फाडणारी कुई सुरू होते. मंडप फार लांब असेल तर शेवटीं आणखी एक लहान पेटी लावावी. मात्र आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. चौंतीस मीटरांवरच्या श्रोत्याला पुढचा आवाज एक दशांश सेकंद उशीरां मिळतो आणि जवळच्या पेटीचा लगेच, त्यामुळें शब्द दुहेरी होतात. त्या मागच्या पेटीचा आवाज तेवढाच थांबवून सोडण्याची सोय हल्लींच्या पुष्कळ मिक्सरांत असते.

अ‍ॅम्प्लिफायर पेटींतच बसविलेला घ्यावा कीं वेगळा? नवशिक्याला पहिला बरा. चुकीचा जोड होण्याची भीति नाहीं. पण आपल्या खानदेशाचा वैशाख लक्षांत ठेवावा. भुसावळकडचा उन्हाळा कसा असतो हें आपणांस सांगावयास नको. भर दुपारीं उन्हांत ठेवलेली अशी पेटी तापून आपोआप बंद पडते, नेमकी वरात दाराशीं आली असतां. तिला सावली हवी आणि पाठीमागें वारा हवा. जनरेटर आधीं सुरू करून स्थिर होऊं द्यावा, मग यंत्रें जोडावीं.

दुसरी गोष्ट कानांची. रोज आठ तास ८५ डेसिबल ही सोसण्याची मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलांना वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटें उरतात. वरातीच्या गाडीशेजारीं तीन तास चालणाऱ्या वाजंत्र्याचें काय होत असेल? माझ्या ओळखीच्या एका उतारवयाच्या क्लॅरिनेटवाल्यांना आतां दोन्ही कानांत रात्रंदिवस रातकिडे ऐकूं येतात. नातवाचें बोबडें बोलणें मात्र कळत नाहीं. कायदाहि आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें लाउडस्पीकरला परवानगी लागते, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर तो लावतां येत नाहीं. सणासमारंभासाठीं वर्षांतले फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊं शकतें. वस्तीच्या भागांत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

पैशांची वांटणी कशी करावी, असें भाच्यानें मला नंतर विचारलें. मी त्याला सांगितलें कीं शंभरांतले साठ पेट्यांना, वीस मायक्रोफोनला, आणि वीस तिवया व तारांना. तारांवर कोणी खर्च करीत नाहीं, आणि निम्मे कार्यक्रम तारांच्या तुटलेल्या टोंकांमुळें बिघडतात. आणि घाई करूं नको, असेंहि सांगितलें. त्यानें ऐकलें. चार कार्यक्रम त्यांनीं मंडपवाल्यांकडून निरनिराळ्या पेट्या भाड्यानें आणून केले आणि प्रत्येक वेळीं कोणी काय ऐकलें तें वहींत लिहून ठेवलें. दिवाळीनंतर एका मोडत्या ऑर्केस्ट्राकडून बारा इंची दोन जुन्या पेट्या घेतल्या. घेण्यापूर्वीं शंकूवर बोटांनीं हलकेंच दाबून वेटोळें घासत नाहीं ना, हें त्यांनीं पाहिलें, आणि ‘साठ, आठ’ही म्हणून पाहिलें. पहिल्याच लग्नांत मांडवाच्या टोंकाला बसलेल्या एका आजींनीं निरोप पाठविला: “तें दुसरें कडवें पुन्हां म्हणा, सुनेला ऐकवावयाचें आहे.” ढोल त्या दिवशीं पेटीबाहेरच होता.