तीन किलोंचा गोळा

माझे बालपण लातूरला गेले. तिथे खेळाडू म्हणजे पैलवान आणि पैलवान म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार, हे समीकरण आम्हां पोरांना पाढ्यांबरोबरच पाठ झाले होते. 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील त्यांच्या सुवर्णपदकाची हकीकत आमचे वडील अशा थाटात सांगत, की जणू ती कुस्ती त्यांनीच मारली होती! त्या गप्पांत बाईमाणूस मात्र कुठेच नसे.

पुढे मराठी शिकविण्यासाठी मी नांदेडला आलो. वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसे. कुबडी भिंतीला टेकवून ठेवी. एकदा म्हणाली, ‘‘सर, मला गोळाफेक शिकायची आहे.’’ मी शहाणपणाने उत्तरलो, ‘‘बाळ, आधी बी.एड. कर.’’ तिच्या वडिलांनाही माझा सल्ला फार आवडला. आपल्याला आवडणारे सल्ले बहुधा असेच असतात. त्यांत दुसऱ्याचे स्वप्न जाते, आपले काहीच जात नाही.

28 ऑगस्ट 2024 ची रात्र. पॅरिसच्या पॅरालिंपिकचे उद्‌घाटन आम्ही घरची सारी मंडळी पाहत होतो. भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता. एक भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसऱ्या आमच्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव! सौभाग्यवती उद्‌गारल्या, ‘‘अगबाई, आपल्याकडच्या!’’

भाग्यश्रीताई मुखेड तालुक्यातील होनवडजच्या. अपंगत्व जन्माचे नव्हे. ऐन तारुण्यात संकट कोसळले आणि हिंडते-फिरते शरीर चाकांच्या खुर्चीत आले. मैदान त्यांना भेटले ते तिशी उलटल्यावर. त्यांचा गट एफ 34. या गटात बायकांचा गोळा तीन किलोंचा असतो आणि तो बसून फेकावा लागतो. जमिनीला जखडलेल्या आसनावर खेळाडूला पट्ट्यांनी बांधतात. फेकताना बैठक उचलली, तर फेक बाद. धावत येऊन जोर घेण्याची सोय नाही. सारे बळ खांद्यातून आणि कमरेवरच्या शरीरातून काढायचे!

2021 मध्ये टोकियोत त्यांनी सात मीटर गोळा फेकला आणि सातव्या आल्या. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 7.54 मीटर फेकून रौप्यपदक मिळविले. दोन वर्षांत हातभराहून अधिक मजल! 2024 मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत 7.56 मीटर आणि पुन्हा रौप्य. पॅरिसमध्ये मात्र गोळा 7.28 मीटरवर पडला. पाचवा क्रमांक आला, पदक हुकले. आमच्या घरी त्या दिवशी जेवण मुकाट्याने झाले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी उभी. मला वाटले, आता ही खचली असणार. ती म्हणाली, ‘‘सर, जगात पाचवी म्हणजे वर्गातल्या पाचवीसारखे नसते ना?’’

वाचकहो, बावीस वर्षे मी मराठी शिकवितो. पण त्या प्रश्नाला चटकन शब्द सापडेना. संध्याकाळी तिच्या घरी गेलो आणि स्वतःचा सल्ला स्वतःच मागे घेतला. वडील बराच वेळ गप्प होते. लग्नाचे, खर्चाचे, लोकांच्या बोलण्याचे, सगळे प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होते आणि एकाचेही उत्तर माझ्यापाशी नव्हते.

निघताना दारापर्यंत आले. हलकेच म्हणाले,

‘‘सर, तो गोळा केवढ्याला येतो हो?’’