खदानीचे पाणी : डोळ्यांना स्वच्छ, पण पोटाला?

बल्लारपूर, दुर्गापूर, सिल्लेवाडा, सावनेर. विदर्भातील कोळसा खदानींशी आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचे नाते जडलेले आहे. कोळशाच्या बरोबरीने खदानीतून रोज वर येते ते पाणी. या पाण्याविषयी वस्त्यांत दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, ‘ते घाण, त्याला हात लावू नका.’ कोणी म्हणतो, ‘जमिनीच्या पोटातले आहे, काचेसारखे आहे, प्यायला काय हरकत?’ आम्हांला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. म्हणून माताभगिनींसाठी ही माहिती देत आहोत.

पाणी उपसावेच लागते

भूमिगत खदान भूजलाच्या पातळीखाली असते. खडकाच्या भेगांतून पाणी सारखे झिरपते आणि खालच्या हौदात म्हणजे सम्पात साचते. ते उपसले नाही तर खदान बुडेल. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खदानीत पाणी घुसले आणि ३७५ कामगारांचा बळी गेला. म्हणून पंप अहोरात्र चालू ठेवावे लागतात. एवढे पाणी नाल्यात सोडून द्यायचे आणि शेजारच्या वस्तीने उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची, हा कुठला न्याय?

पाण्यात काय काय असते?

कोळशाची भुकटी, गाळ आणि यंत्रांचे तेल डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या गोष्टी दोन : जंतू आणि विरघळलेले क्षार. कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे पाणी जड होते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो. सल्फेट फार असेल तर जुलाब होतात. काही ठिकाणी फ्लोराइड असते. ते प्रमाणाबाहेर गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडेही जखडतात. कोळशात गंधक जास्त असेल तर पाणी आम्लधर्मी होते. मेघालयातील जयंतिया टेकड्यांतल्या नद्यांची खाणींच्या अशा पाण्याने नासाडी झाली आहे.

शुद्धीकरणाच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे पाणी मोठ्या हौदात संथ ठेवणे. जड गाळ तळाशी बसतो, तेल वर तरंगते, ते काढून घेतात. मग तुरटी घालतात. तिच्यामुळे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पाणी आम्लधर्मी असेल तर चुना घालतात. त्यानंतर वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीनने जंतू मारतात. घरच्या नळाशीही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते.

मात्र या सर्व पायऱ्यांनी क्षार जात नाहीत. त्यासाठी ‘आरओ’ यंत्र लागते. त्यात दाबाखाली पाणी बारीक पडद्यातून ढकलतात आणि क्षार मागे राहतात. ते मागे राहिलेले खारट पाणी विहिरीजवळ किंवा शेतात सोडता कामा नये. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी येथे खदानीचेच पाणी असे शुद्ध करून वेस्टर्न कोलफील्ड्सने ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरले. म्हणजे हे काम होऊ शकते, यात शंका नाही.

उकळले म्हणजे झाले काय?

अनेक घरांत हा समज आहे. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. पण फ्लोराइड व सल्फेट जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवून पाणी नितळ दिसले तरी क्षार त्यात राहतातच. म्हणून खदानीच्या पाइपाखाली भरलेला हंडा पिण्यासाठी वापरू नये.

काय विचारावे?

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम, जडपणा २०० आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर या मर्यादा अनुक्रमे २०००, ६०० आणि १.५ आहेत. वस्तीला खदानीचे पाणी मिळत असेल तर महिला मंडळाने तपासणीचा अहवाल मागावा. नमुना नळावरचा होता की टाकीवरचा, पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी झाली काय, आरओची जाळी कधी बदलली, हेही विचारावे. अहवाल फलकावर मराठीत लावावा, असा आग्रह धरावा.

हा हक्क नवा नाही. मजूर खात्याचे मंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या खदानीत स्वतः उतरले होते. त्यानंतर १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाण कामगारांच्या घर, आरोग्य आणि पाण्याच्या सोयी हे त्या निधीचे काम होते. ज्यांच्या घामावर कोळसा वर येतो, त्यांच्या घरच्या माठात तपासलेलेच पाणी असले पाहिजे. त्यासाठी पहिला अर्ज आपल्याच वस्तीतून जाऊ द्या.